गळती, धूर आणि पहिली दहा मिनिटं : वाचकांचे प्रश्न

रासायनिक गळती आणि आगींबद्दल आम्ही मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. बोईसरपासून लोट्यापर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यांतून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना एक धरून चाललो आहोत : विचारणारा फायरमन नाही, पण बंब पोचेपर्यंत जागेवर तोच असणार आहे.

प्रश्न : आमचं हॉटेल घाटाच्या पायथ्याशी जुन्या हायवेवर आहे. दिवसाला शेकडो टँकर समोरून जातात. एखादा दारात उलटला तर नेमकं काय करायचं? पोरं मदतीला धावतात, त्यांना कसं आवरायचं?
(खोपोली)

आधी पोरांना आवरा. टँकरमध्ये काय आहे हे कळेपर्यंत कोणी जवळ जायचं नाही, ड्रायव्हर अडकलेला दिसला तरीही. हे ऐकायला कठोर वाटेल. पण मदतीला गेलेला माणूस तिथेच कोसळला, तर मागून येणाऱ्या पथकाला एकाऐवजी दोघांना बाहेर काढावं लागतं.

वारा कुठून येतोय ते बघा. धूर, झाडाची पानं, हॉटेलवरचा झेंडा, काहीही चालेल. वारा पाठीवर घेऊन उभे राहा आणि होईल तेवढ्या उंचावर जा. घाटात आणखी एक अडचण असते. संध्याकाळनंतर थंड हवा उताराने खाली दरीकडे सरकते आणि जड वायू तिच्याबरोबर जातो. दुपारी सुरक्षित असलेली जागा रात्री सुरक्षित असेलच असं नाही.

मग टँकरवरची पाटी वाचा, पण लांबून. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढला की काम होतं. धोकादायक माल नेणाऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीची पाटी असायला हवी, असं मोटार वाहन नियम सांगतात. तिच्यावर मालाचं नाव, चार आकडी यूएन क्रमांक (जगभर चालणारा त्या मालाचा ओळख क्रमांक), संकटाचं चित्र असलेला चौकोन आणि माल पाठवणाऱ्याचा फोन नंबर असतो. बऱ्याच पाट्यांवर ‘३वायई’ किंवा ‘२पी’ असा एक छोटा कोडही दिसतो. तो असा वाचायचा. पहिला आकडा काय मारायचं ते सांगतो : १ म्हणजे पाण्याचा जाड फवारा, २ म्हणजे धुक्यासारखा बारीक फवारा, ३ म्हणजे फोम, ४ म्हणजे कोरडं माध्यम, पाणी मुळीच नाही. लिहिलेल्यापेक्षा मोठ्या आकड्याचं माध्यम चालतं, लहान आकड्याचं नाही. अक्षर पी, आर, एस किंवा टी असेल, तर सांडलेला माल भरपूर पाण्याने पातळ करता येतो. डब्ल्यू, एक्स, वाय किंवा झेड असेल, तर तो अडवून धरायचा, गटारात जाऊ द्यायचा नाही. पी, एस, डब्ल्यू आणि वाय ही अक्षरं असलेला माल भडकून किंवा स्फोट होऊन उसळू शकतो. शेवटी ‘ई’ असेल, तर आसपासच्या लोकांना हलवण्याचा विचार लगेच करायचा. पेट्रोल म्हणजे यूएन १२०३, कोड ३वायई. सल्फ्युरिक ॲसिड म्हणजे १८३०, कोड २पी.

पाटी दबली असेल, तर टाकीचा आकार बघा. दोन्ही टोकं घुमटासारखी गोल असतील, तर आत दाबाखालचा वायू आहे असंच धरा : एलपीजी, प्रोपिलीन, अमोनिया वगैरे. टोकं चपटी आणि टाकी लंबगोल असेल, तर बहुधा पेट्रोल, डिझेल किंवा सॉल्व्हंट असतं. बारीक व्यासाच्या, बाहेरून कडी घातलेल्या टाकीत बहुतेक वेळा ॲसिड असतं. हा अंदाजच, पाटीची जागा तो घेत नाही.

किती लांब जायचं? काहीच माहिती नसेल, तर द्रव सांडला असताना निदान ५० मीटर आणि वायू गळत असताना निदान १०० मीटर. या अंतराच्या आत कोणीही नको. पेट्रोल किंवा सॉल्व्हंटच्या टँकरला आग लागली असेल, तर ८०० मीटर. एलपीजीच्या टँकरला ज्वाळा लागत असतील, तर सगळ्या बाजूंनी १६०० मीटर. आकडा मोठा वाटतो, पण त्याला कारण आहे. ज्वाळा लागून टाकीचा वरचा, आत द्रव नसलेला पत्रा तापतो, मऊ पडतो आणि फाटतो. आतला उकळता द्रव एका क्षणात वायू होऊन पेटतो आणि टाकीचे तुकडे शेकडो मीटर उडतात. सेफ्टी व्हॉल्व्हमधून येणारा आवाज चढत जायला लागला किंवा टाकीचा रंग बदलायला लागला, तर बंबवालेसुद्धा होज टाकून मागे फिरतात.

एलपीजी पेटलेला नसून नुसता गळत असेल, तर जमिनीलगत पांढरं धुकं दिसतं. ते हवेतल्या बाष्पाचं असतं. पेट घेण्याजोगा वायू त्या धुक्याच्या कडेच्याही पुढे पसरलेला असतो. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूरजवळ भांक्रोट्याला ट्रकची धडक बसलेल्या टँकरमधला वायू असाच रस्त्यावर पसरला आणि पेटला. रांगेतल्या गाड्या, बससकट, त्यात सापडल्या. म्हणून हॉटेलची भट्टी, तंदूर, जनरेटर ताबडतोब बंद करा. मीटरचं मेन बटण गळतीच्या बाजूला असेल, तर त्याला हात लावू नका. अंगणातल्या गाड्या सुरू करून ‘बाजूला घेऊ’ म्हणणाऱ्यांना थांबवा, कारण स्टार्टरची ठिणगी पुरते.

११२ किंवा १०१ ला फोन करताना पाच गोष्टी सांगा : कुठल्या दिशेची लेन आणि जवळचा किलोमीटरचा दगड, यूएन क्रमांक किंवा नाव, गळतंय की जळतंय, वारा कुणीकडे वाहतोय, अडकलेली माणसं किती. बंबाने कुठल्या बाजूने यायचं हे वाऱ्यावर ठरतं, त्यामुळे वाऱ्याची दिशा सांगायला विसरू नका.

डबे-कॅन घेऊन सांडलेलं तेल भरायला येणाऱ्यांबद्दल : त्यांना दम द्या, हात जोडा, काहीही करा, पण येऊ देऊ नका. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल ओतताना तयार होणारी स्थिर वीज सगळ्यांना जाळायला पुरेशी असते.

प्रश्न : नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर आहे. आमच्याकडे क्लोरीनचे ९०० किलोचे टनर, म्हणजे मोठे आडवे सिलिंडर, असतात. गळती झाली की पाणी मारायचं, असं जुने लोक सांगतात. बरोबर आहे का?
(सातारा जिल्हा)

गळत्या टनरवर पाणी मारायचं नाही. क्लोरीन आणि पाणी मिळून ॲसिड होतं, ते पोलाद खातं आणि सुईएवढं भोक तासाभरात मोठं होतं. दुसरं कारण उष्णतेचं. वायू बाहेर पडताना टनर थंड होत जातो, आतला दाब उतरतो आणि गळती आपोआप मंदावते. क्लोरीन उणे ३४ अंशाला उकळतो, म्हणजे नळाचं पाणी त्याच्यासाठी गरमच. पाणी मारलं की दाब पुन्हा चढतो. टनर आगीच्या जवळ असेल आणि गळत नसेल, तेव्हा मात्र तो गार ठेवायला पाणी मारायचंच. त्याच्या टोकांवरचे फ्युझिबल प्लग ७० अंशांच्या थोडं वर वितळतात आणि वायू बाहेर पडतो.

गळती हाताळायला दोघे आत आणि दोघे तयारीत बाहेर, एकट्याने कधीच नाही. तोंडाला श्वसन संच हवा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर. कॅनिस्टरचा, म्हणजे गाळणीचा, मास्क फक्त बाहेर पळण्यापुरता. क्लोरीनचं प्रमाण १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा भाग) वर गेलं की जागा जिवाला धोकादायक धरतात आणि गळत्या खोलीत ते याच्या कित्येक पट असतं. संचाचा हिशोब आधी करून ठेवा. ६ लिटरची बाटली ३०० बार दाबाला भरलेली असेल, तर त्यात १८०० लिटर हवा असते. हवा संपत आल्याची शिट्टी साधारण ५५ बारला वाजते, म्हणजे ३३० लिटर परतीसाठी राखीव. उरलेली १४७० लिटर, कष्टाच्या कामात मिनिटाला ५० लिटर धरली, तर २९ मिनिटं. जाणं, येणं आणि धुऊन घेणं यांतून वजा केलं की प्रत्यक्ष पाना चालवायला पंधरा मिनिटं हातात राहतात. आत जाताना वेळ लिहून ठेवणारा माणूस बाहेर हवाच.

गळती कुठे आहे ते शोधायला प्लास्टिकच्या दाबबाटलीत अमोनियाचं पाणी घ्या आणि नुसती वाफ सांध्यांजवळ सोडा. पांढरा धूर उठला की तीच जागा. अमोनिया थेट पितळेवर उडवू नका, व्हॉल्व्ह खराब होतो.

आता गळती बघून काम. व्हॉल्व्हच्या दांड्याजवळून येत असेल, तर दांड्याभोवतीचा ग्लँड नट हलक्या हाताने आवळा. नव्वद टक्के भीती इथेच संपते. तोंडातून येत असेल, तर व्हॉल्व्ह बंद करून शिशाचा नवा वॉशर घालून टोपी बसवा. जुना वॉशर दाबून चपटा झालेला असतो, तो परत वापरणं हेच मुळात अनेक गळत्यांचं कारण असतं. प्लग किंवा अंगातून गळत असेल, तर टनर असा फिरवा की भोक वरच्या बाजूला येईल. तसं केलं की द्रवाऐवजी वायू बाहेर येतो. एक लिटर द्रव क्लोरीनचा साडेचारशे लिटरहून जास्त वायू होतो, त्यामुळे या एका कृतीने गळती कित्येक पटींनी घटते. यासाठी टनर रोलरच्या घोडीवर ठेवलेले हवेत. काँक्रीटवर विटा लावून ठेवलेला ९०० किलोचा टनर ऐनवेळी कोणी फिरवू शकत नाही. टनरची दोन्ही व्हॉल्व्ह एकाखाली एक, उभ्या रेषेत ठेवली, तर वरचं वायू देतं आणि खालचं द्रव. त्यानंतर आपत्कालीन किटमधला हूड किंवा साखळीचा पॅच. टनरसाठी ‘बी’ किट लागतो. ‘ए’ किट छोट्या सिलिंडरचा आहे, तो टनरला बसत नाही. काही ठिकाणी कपाटात चुकीचा किट वर्षानुवर्षं पडून असतो, म्हणून आज उघडून बघा.

शेवटी गळता क्लोरीन शोषून घेणारं कॉस्टिकचं द्रावण. एका किलो क्लोरीनला १.१३ किलो कॉस्टिक सोडा लागतो, म्हणजे पूर्ण टनरला साधारण १०२० किलो. २० टक्के द्रावणात हे ४२०० लिटर होतं. हा हिशोब अगदी काठावरचा आहे, हौदात ५००० लिटरच्या वर ठेवा. द्रावण २० टक्क्यांहून दाट करू नका, मीठ साचून नळी तुंबते. गळता वायू नळीने त्या द्रावणात सोडायचा. टनरच हौदात, विहिरीत किंवा तळ्यात ढकलायचा नाही. मुंबईत शिवडीला जुलै २०१० मध्ये बंदराच्या यार्डात पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन सुटला आणि शंभराच्या आसपास लोकांना त्रास झाला. रिकामे समजून कोपऱ्यात टाकलेले गंजके टनर तुमच्याकडे असतील, तर पुरवठादाराला आजच परत पाठवा. ‘रिकाम्या’ टनरमध्येही काही किलो माल राहतोच.

प्रश्न : डोंबिवलीत एमआयडीसीला लागून राहते. रात्री उग्र वास आला की समजत नाही, पळायचं की घरात थांबायचं.
(डोंबिवली)

बहुतेक वेळा घरात थांबणं सुरक्षित. पळताना श्वास जोरात चालतो आणि वाऱ्याबरोबर पळणारा माणूस ढगातून बाहेरच पडत नाही. खिडक्या-दारं लावा. एसी, कूलर, एक्झॉस्ट फॅन बंद करा. स्वयंपाकघराचा झरोका वर्तमानपत्र आणि चिकटपट्टीने बुजवा, दाराखाली ओला टॉवेल लावा. आतल्या, खिडकी नसलेल्या खोलीत बसा. नाकातोंडावर ओला कपडा धरा, क्लोरीन आणि अमोनिया दोन्ही त्याने काही प्रमाणात अडतात. हा वायू जड असेल तर तळमजल्यावर साचतो, त्यामुळे शेजाऱ्यांना वरच्या मजल्यावर बोलवा. ढग गेल्याचं कळलं की उलट करा, सगळी दारं-खिडक्या उघडून बाहेर या. बंद घरात आत शिरलेला वायू मागे राहतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

घर सोडायचंच असेल, म्हणजे आग जवळ आली असेल किंवा पोलिसांनी सांगितलं असेल, तर वाऱ्याला आडवं चाला. वाऱ्याच्या दिशेने नाही आणि थेट वाऱ्याच्या तोंडावरही नाही, कारण तिकडेच कारखाना असू शकतो.

स्फोटाचा धोका निराळा. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, दोन्ही वेळा डोंबिवलीत दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. पहिला दणका ऐकल्यावर माणूस खिडकीशी जातो, मोबाइल वर करतो आणि दुसरा दणका चेहऱ्यावर घेतो. दणका ऐकला की खिडकीकडे पाठ करून आतल्या खोलीत जा.

सोसायटीने एक काम जरूर करावं. कायद्यानुसार धोकादायक कारखान्याने धोक्याची आणि उपायांची माहिती आसपासच्या लोकांनाही द्यायची असते. १९८९ च्या घातक रसायन नियमांप्रमाणे मोठ्या साठ्याच्या कारखान्याला दर सहा महिन्यांनी आतला मॉक ड्रिल करावा लागतो आणि कारखान्याबाहेरच्या परिसरासाठी असलेल्या जिल्ह्याच्या आराखड्याचा सराव वर्षातून एकदा व्हायला हवा. हे कागद औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि जिल्हाधिकारी कार्यालयात असतात. सोसायटीच्या लेटरहेडवर मागा आणि भोंग्याचे अर्थ विचारून घ्या. कुठला भोंगा आगीचा, कुठला वायूचा, कुठला सगळं ठीक असल्याचा, हे जिन्यात लावून ठेवा.

प्रश्न : बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची गळती होते तेव्हा आम्ही पाणी मारतो. क्लोरीनसारखं इथेही चुकतं का?
(रत्नागिरी)

इथे पाणी मित्र आहे, पण हवेतल्या अमोनियावर. अमोनिया पाण्यात फार लवकर विरघळतो, म्हणून ढगाच्या पुढे बारीक फवाऱ्याचा पडदा उभा करायचा. जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियाच्या डबक्यावर मात्र जेट मारला, तर पाण्याच्या उष्णतेने तो उकळतो आणि ढग दुप्पट होतो. डबक्याला बांध घाला, शक्य असेल तर ताडपत्री टाका.

पहिलं काम पाण्याचं नाही, व्हॉल्व्हचं. रिसीव्हरमधून, म्हणजे द्रव अमोनियाच्या टाकीतून, निघणारा मुख्य द्रव व्हॉल्व्ह बंद करा, मग कॉम्प्रेसर. या व्हॉल्व्हला लाल रंग द्या आणि अंधारातही हात पोचेल अशी वाट मोकळी ठेवा. बर्फाच्या कारखान्यांतले बरेच अपघात यंत्रणेत जमलेलं तेल काढताना होतात. ऑइल पॉटचा (तेल जमणाऱ्या भांड्याचा) व्हॉल्व्ह उघडून बादली लावतात, तेल संपतं, पाठोपाठ द्रव अमोनिया येतो आणि माणूस व्हॉल्व्ह तसाच सोडून पळतो. तेल काढायच्या नळीला हात सोडला की आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवा. खर्च किरकोळ आहे.

अमोनिया पेटत नाही, हा गैरसमज आहे. बंद मशीनरूममध्ये हवेत १५ ते २८ टक्के झाला तर स्फोट होतो. पंखा सुरू राहिला पाहिजे आणि त्याचं बटण खोलीच्या बाहेर हवं. फवाऱ्याचं पाणी खाडीत सोडू नका, मासे मरतात.

प्रश्न : प्लेटिंगच्या शॉपमध्ये सल्फ्युरिक ॲसिडचे ५० लिटरचे कारबॉय (मोठे कॅन) आहेत. फुटला तर चुना किती, सोडा किती? पाण्याने धुतलं तर काय बिघडतं?
(चाकण)

९८ टक्के ॲसिडचा ५० लिटरचा कारबॉय म्हणजे सुमारे ९२ किलो माल. सगळा निष्प्रभ करायचा तर चुन्याची फक्की अंदाजे ७० किलो किंवा धुण्याचा सोडा १०० किलो लागेल. एवढं साहित्य शॉपमध्ये नसतं आणि एकदम टाकलं तर उष्णतेने ॲसिड उडतं. म्हणून आधी भोवती कोरड्या वाळूचा बांध, मग वाळूतच ते शोषून प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरा. जमिनीवर उरलेल्या थरावर सोडा कडेकडून आत टाकत या. फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. तळघरात किंवा खड्ड्यात काम असेल, तर तो साचून गुदमरायला होतं, हवा खेळती ठेवा. फेस थांबला म्हणजे ॲसिड संपलं असं नाही, पीएचची पट्टी लावून ६ ते ९ येऊ द्या. सगळ्यात शेवटी पाणी.

लाकडाचा भुसा, चिंध्या, कापूस वापरू नका. दाट ॲसिडमध्ये ते काळे पडून तापतात, नायट्रिक ॲसिडमध्ये तर पेटतातही. कॉस्टिकचे फ्लेक्सही नकोत, त्यांची प्रतिक्रिया फार उग्र असते.

पाण्याने काय बिघडतं? थोडं पाणी दाट ॲसिडवर पडलं, तर उकळून अंगावर उडतं. आणखी एक गोष्ट टाकीवाल्यांनी ध्यानात ठेवावी. ९८ टक्के ॲसिड साध्या लोखंडी टाकीत टिकतं, पातळ झालं की तेच लोखंड खातं आणि हायड्रोजन सुटतो. गळती धुऊन काढल्यानंतर दोन दिवसांनी टाकीवर वेल्डिंग करताना झालेला स्फोट हा या धुण्याचाच परिणाम असतो.

प्रश्न : ॲसिड अंगावर पडलं तर पाणी लावायचं नाही म्हणतात. खरं का?
(बोईसर)

खोटं. ताबडतोब, भरपूर, वाहतं पाणी, निदान १५ ते २० मिनिटं. कपडे, पट्टा, बूट पाण्याखालीच उतरवा. डोळ्यात गेलं असेल, तर पापण्या बोटांनी उघड्या धरून धुवा. आधी गाडीत घालून दवाखान्याकडे नेणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई. हळद, तूप, टूथपेस्ट, सोडा अंगाला काही लावू नका. पोटात गेलं असेल, तर उलटी करवू नका.

दोन अपवाद. हायड्रोफ्लोरिक ॲसिड असेल, तर ५ मिनिटं धुऊन २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल चोळत राहा आणि रुग्णालयाला ॲसिडचं नाव आधीच कळवा. फिनॉल असेल, तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलने पुसून काढा. ते हाताशी नसेल, तर शॉवरखाली जोरात धुवा, पाण्याचा ओघळ नको.

क्लोरीन किंवा नायट्रोजन ऑक्साइडचा पिवळट-तांबूस धूर छातीत गेलेला माणूस तासाभरात बरा वाटला, तरी घरी पाठवू नका. फुप्फुसात पाणी काही तासांनी भरतं, २४ तास देखरेख हवी.

आणि इमर्जन्सी शॉवर एप्रिलच्या दुपारी स्वतः उघडून बघा. पत्र्यावरच्या टाकीतलं पाणी भाजण्याइतकं तापलेलं असतं. मिनिटाला ७५ लिटर धरले, तर १५ मिनिटांना ११०० लिटर लागतात. सावलीतली, झाकलेली टाकी त्यासाठी वेगळी ठेवा.

प्रश्न : आमच्या युनिटमध्ये मिथेनॉल आणि टोल्युइनचे ड्रम आहेत. २०० लिटर एएफएफएफ (तेलाच्या आगीसाठीचा साधा) फोम ठेवलाय. पुरेल ना?
(तळोजा)

पुरणार नाही, आणि मिथेनॉलवर तो चालणारही नाही. मिथेनॉल, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), ॲसिटोन ही पाण्यात मिसळणारी सॉल्व्हंट साध्या फोममधलं पाणी ओढून घेतात आणि फोमचा थर विरतो. त्यांच्यासाठी अल्कोहोल-रोधक फोम हवा. डब्यावर तसं लिहिलेलं असतं. शिवाय मिथेनॉलची ज्योत दिवसा दिसत नाही. हवा थरथरते, रंग सोलवटतो, तेवढंच. आत जाणाऱ्याने थर्मल कॅमेरा घ्यावा, नसेल तर पुढे झाडू धरून चालावं. झाडू पेटला की तिथून पुढे जायचं नाही.

हिशोब असा. १० मीटर लांब, १० मीटर रुंद डबकं, म्हणजे १०० चौरस मीटर. दर चौरस मीटरला मिनिटाला साडेसहा लिटर द्रावण, १५ मिनिटं : ९७५० लिटर. ३ टक्क्यांच्या फोमचे यात २९२ लिटर जातात, ६ टक्क्यांनी वापरायचा असेल, तर ५८५. आणि जवळपास दहा हजार लिटर पाणी, तेही दाबाखाली. तुमची टाकी आणि पंप हे देतात का? देत नसतील, तर ड्रमची रांग लहान तुकड्यांत, मध्ये उंबरे घालून विभागा. डबकं २५ चौरस मीटरचं झालं की सगळे आकडे चौथाईवर येतात. ही तजवीज फोम खरेदीपेक्षा स्वस्त आणि खात्रीची.

फोम मारताना थेट डबक्यात खुपसू नका. मागच्या भिंतीवर आपटू द्या, तो वरून पसरत येईल. एक टीम फोम घालत असताना दुसऱ्या टीमने पाण्याचा जेट त्याच डबक्यात सोडला, तर थर फाटतो आणि आग पुन्हा भडकते. हे फार वेळा होतं, कारण शेजारच्या कारखान्यातून मदतीला आलेल्यांना कोणी सांगितलेलं नसतं. तळोज्यात परस्पर मदतीचा ‘मार्ग’ गट आहे. कोणाकडे कुठला फोम किती, कपलिंग कुठल्या मापाची, ही यादी शेजारच्या पाच युनिटांबरोबर आधीच वाटून घ्या.

तापलेल्या ड्रमच्या टोकासमोर उभं राहू नका. झाकण किंवा बूड उडतं. आडोसा घेऊन बाजूने पाण्याने गार करा.

प्रश्न : ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) टाकीत गाळ काढायला उतरलेला माणूस पडला, तर दोरी बांधून दुसरा उतरला तर चालेल का?
(कुरकुंभ)

नाही. तोंडाला श्वसन संच नसेल, तर कोणीही उतरायचं नाही. गाळ हलवला की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कुजक्या अंड्याचा वास १०० पीपीएमच्या आसपास नाकाला कळेनासा होतो, म्हणजे वास गेला की धोका वाढलेला असतो. ५०० ते १००० पीपीएममध्ये काही श्वासांत शुद्ध हरपते, ओरडायलाही वेळ मिळत नाही.

उतरणाऱ्याने पहिल्यापासून पूर्ण शरीराचा हार्नेस घालायचा, दोरी वर तिवईच्या विंचवर. पडला तर वरूनच ओढायचं. उतरण्याआधी तळ, मध्य आणि वर अशा तीन पातळ्यांवर मीटर सोडून बघा. प्राणवायू १९.५ टक्क्यांहून कमी असेल तर थांबा. ब्लोअर काम संपेपर्यंत चालू ठेवा. वेल्डिंगच्या सिलिंडरमधून ऑक्सिजन सोडून ‘हवा’ करू नका, कपडे पेटतात.

सल्फाइडच्या सांडपाण्यात ॲसिड मिसळलं तरी हाच वायू सुटतो. ६ जानेवारी २०२२ ला सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनाच्या वायूने जवळच्या गिरणीतले सहा कामगार गेले. रात्री नाल्याशी पाइप लावून उभा असलेला टँकर दिसला, तर तो फक्त प्रदूषणाचा मामला समजू नका, ११२ ला फोन करा.

प्रश्न : आग विझवलेलं पाणी नदीत जातं. ते कसं थांबवायचं?
(महाड)

चार होज, मिनिटाला प्रत्येकी ४५० लिटर, तीन तास : ३ लाख २४ हजार लिटर. या पाण्यात जळका आणि न जळलेला माल, दोन्ही असतात. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ १ नोव्हेंबर १९८६ रोजी कीटकनाशकांचं गोदाम जळालं तेव्हा विझवलेल्या पाण्याने ऱ्हाइन लाल झाली आणि कित्येक किलोमीटरपर्यंत मासे मेले. तुमची सावित्री त्या मानाने लहान नदी आहे.

पावसाळी गटाराच्या बाहेर पडणाऱ्या तोंडावर लोखंडी झडप बसवा आणि ती बंद करणं हे आगीच्या वेळी एका ठरलेल्या माणसाचं पहिलं काम असू द्या. झडप नसेल, तर चेंबरच्या झाकणावर जाड प्लास्टिक, त्यावर वाळूची पोती. टाक्यांभोवतीचा बांध सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के मापाचा असतो, पण पावसाचं साचलेलं पाणी काढायला उघडलेला त्याचा ड्रेन व्हॉल्व्ह जूनपासून उघडाच राहतो. रोजच्या राउंडमध्ये तो बघा. जेटऐवजी फवारा वापरला, तर पाणी निम्म्यावर येतं. कीटकनाशकांचं एकटं गोदाम पूर्ण पेटलं असेल, आजूबाजूला वस्ती नसेल, तर शेजारच्या शेड गार ठेवून ते जळू देणं हा निर्णय अग्निशमन अधिकारी घेऊ शकतात. त्याला घाबरटपणा म्हणू नका.

पाणी तरीही नाल्यात गेलंच, तर लपवू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा, म्हणजे खालच्या गावांच्या पाणीयोजनांचे पंप हे पाणी पोचायच्या आत बंद होतील. खालच्या ग्रामपंचायतींना रसायनाचं नाव सांगा, गुरं नदीवर सोडू नका म्हणावं, आणि मासेमारी करणाऱ्यांना जाळी वर घ्यायला सांगा.